अणुसंरचनेची कल्पना : पाटणच्या शिलालेखापासून आधुनिक रसायनशास्त्रापर्यंत

मूलद्रव्याचे रासायनिक गुणधर्म ज्यात टिकून राहतात असा त्याचा लहानात लहान कण म्हणजे अणू होय. अणूच्या मध्यभागी धन विद्युत् भारित अणुकेंद्र असते व त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकत्र बांधलेले असतात. केंद्राभोवती ऋण विद्युत् भारित इलेक्ट्रॉनांचे आवरण असते. रसायनशास्त्राच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकात हे वर्णन एका परिच्छेदात येते व विद्यार्थी ते सहज पाठ करतो. तथापि अणूला ‘अंतर्भाग’ आहे ही कल्पना १८९७ पूर्वी प्रयोगाने सिद्ध झालेली नव्हती. त्याआधी सुमारे दोन हजार वर्षे अणू या शब्दाचा अर्थच मुळी ज्याला अंतर्भाग नाही असा कण, असा होता. पाठ्यपुस्तकातील शब्द जुना आणि वस्तू नवी, ही स्थिती लक्षात न घेतल्यामुळे दोन प्रकारचे गैरसमज रूढ झाले आहेत : प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते, हा एक, आणि त्यांचा अणू म्हणजे निव्वळ कल्पनाविलास होता, हा दुसरा. या दोहोंची पारख करण्यास खानदेशातील एक शिलालेख उपयोगी पडतो.

पाटणचा शिलालेख : जळगाव जिल्ह्यात चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण हे स्थान आहे. तेथील भवानीच्या (पाटणादेवीच्या) देवळातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रथम अभ्यासकांच्या नजरेस आणला व पुढे जर्मन संस्कृतज्ञ कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात तो संपादित केला. शके ११२८ चा उल्लेख असलेल्या या लेखात निकुंभ वंशातील मांडलिक राजांनी एका मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. हा मठ चांगदेव याने स्थापिला. चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी आणि गणिती भास्कराचार्यांचा (जन्म शके १०३६, इ. स. १११४) नातू होय. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ व त्यांचे इतर ग्रंथ यांचे अध्ययन चालावे, हा मठाचा हेतू लेखात स्पष्टपणे सांगितला आहे. लेखाच्या शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्यात मठाला मिळावयाच्या निरनिराळ्या उत्पन्नांची व्यवस्था नमूद केली आहे. त्यामुळे मराठी भाषेच्या इतिहासातही त्याला स्थान आहे.

लेखात भास्कराचार्यांची जी प्रशस्ती येते, तिच्यात गणित व ज्योतिष यांच्या जोडीने त्यांच्या इतर विद्याही सांगितल्या आहेत : कुमारिल भट्टाचे मीमांसामत, सांख्य, छंदःशास्त्र, शिल्प, आणि वैशेषिक दर्शन. यांपैकी शेवटचे नाव येथे महत्त्वाचे आहे, कारण भारतीय परंपरेत परमाणूचा सिद्धांत प्रामुख्याने वैशेषिकांचा होय. अर्थात प्रशस्ती ही नातवाच्या मठात कोरलेली आहे आणि अशा लेखांत विद्यांची यादी सढळ हाताने दिली जाते, हे विसरून चालणार नाही. पाटणच्या मठात परमाणुवाद शिकवला जात असे, असे विधान या आधारावर करता येत नाही. मठाचा अभ्यासविषय ज्योतिष व गणित हाच होता. बाराव्या शतकात या प्रदेशातील विद्वत्कुलात थोर गणितज्ञाला वैशेषिक दर्शन यावे अशी अपेक्षा होती, एवढे मात्र लेखावरून निश्चित म्हणता येते. ते दर्शन तोवर पुष्कळ प्रौढ झाले होते. कणादांची सूत्रे, त्यांवर प्रशस्तपादांचा ‘पदार्थधर्मसंग्रह’, आणि त्यावर उदयनाची ‘किरणावली’ व श्रीधराची ‘न्यायकंदली’ (शके ९१३, इ. स. ९९१) या टीका, असा त्याचा विस्तार झालेला होता. [→ वैशेषिक दर्शन].

वैशेषिकांचा परमाणू : झरोक्यातून घरात येणाऱ्या कवडशात धुळीचे कण तरंगताना दिसतात. या कणाला वैशेषिकांनी त्र्यणुक किंवा त्रसरेणू म्हटले व दृश्य द्रव्याची ती किमान मर्यादा मानली. जे दिसते ते अवयवांचे बनलेले असते. म्हणून या कणालाही अवयव असले पाहिजेत, असे अनुमान त्यांनी केले. तीन द्व्यणुकांचे एक त्र्यणुक आणि दोन परमाणूंचे एक द्व्यणुक अशी रचना त्यांनी सांगितली. म्हणजे परमाणू हा कवडशातील कणाचा सहावा अंश ठरतो. आधुनिक मापनाप्रमाणे एक शतांश मिलीमीटर व्यासाच्या धूलिकणात दहा हजार अब्जांहून अधिक अणू असतात. तेव्हा अनुमानाची दिशा योग्य असली, तरी अंतराचा अंदाज अजिबात नव्हता. डोळ्यांपलीकडचे मोजण्याचे साधन नसता तो असणे शक्यही नव्हते.

विभाजन कोठे तरी थांबले पाहिजे, यासाठी दिलेली युक्ती अधिक मार्मिक आहे. द्रव्याचे भाग अमर्याद पाडता येत असतील, तर मोहरीच्या दाण्याला अनंत अवयव होतील आणि मेरू पर्वतालाही अनंतच होतील. मग मोहरी आणि मेरू यांच्या आकारमानात भेद कशामुळे पडेल? ‘अनंता’चा हा विचित्र स्वभाव, म्हणजे त्यात पुष्कळ मिळवले किंवा त्यातून पुष्कळ काढले तरी त्यात फरक पडत नाही, भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त खहर राशीच्या संदर्भात स्पष्ट सांगितला आहे. दोन विचारांचा संबंध त्यांनी स्वतः जोडल्याचे आढळत नाही. त्यांच्या ‘लीलावती’तील लांबीचे कोष्टक यवाच्या दाण्याच्या रुंदीपासून सुरू होते, परमाणूपासून नव्हे, शेत, भिंत आणि धान्याच्या राशी मोजणाऱ्या गणिताला परमाणूची गरज नव्हती. कालमापनात मात्र निमिषाचा तीन हजारावा भाग असलेल्या त्रुटीपर्यंत ते उतरले आहेत.

वैशेषिकांच्या मते परमाणू चार जातींचे : पृथ्वी, आप, तेज व वायू यांचे. ते नित्य, निरवयव आणि गोल होत. द्व्यणुकापासून त्र्यणुकाला जे महत्त्व, म्हणजे मोठेपणा येतो, तो परमाणूंच्या परिमाणामुळे नव्हे, तर घटकांच्या संख्येमुळे येतो, असे ते मानीत. द्रव्याच्या गुणाचे कारण घटकांच्या संख्येत शोधण्याचा हा प्रयत्न लक्षणीय आहे. मात्र दोन आणि तीन या संख्या त्यांनी तर्काने ठरविल्या, वजनाने नव्हेत.

रसायनशास्त्राच्या सर्वांत जवळ जाणारी चर्चा पाकज गुणांची होय. कुंभाराच्या आव्यात घातलेले मडके काळपट असते व भाजून निघाले की तांबडे होते. हा बदल कोठे होतो? वैशेषिकांनी उत्तर दिले : अग्नीच्या आघाताने मडक्याचे अवयव पार परमाणूंपर्यंत सुटे होतात, परमाणूंचा जुना रंग जाऊन नवा येतो आणि ते परमाणू पुन्हा जुळून मडके बनते. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिकांना हे पटले नाही. आव्यात रचलेली मडकी भाजताना विस्कटत नाहीत, वरचे मडके खालच्यावर तसेच टेकून राहते आणि बाहेर काढलेले मडके तेच असल्याची ओळख पटते. म्हणून सच्छिद्र मडके अखंड असतानाच भाजले जाते, असे त्यांनी मांडले. हा पिठरपाक. आजच्या ज्ञानाने पाहता मडके अखंड राहते हे नैयायिकांचे निरीक्षण बरोबर आणि बदल सूक्ष्म कणांच्या पातळीवर होतो हा वैशेषिकांचा आग्रहही बरोबर होता. चूक दोघांनाही समान अशा गृहीतात होती : रंग हा परमाणूचा स्वतःचा गुण आहे. मातीतील लोहाचा अणू भट्टीत बदलत नाही. त्याचा ऑक्सिजनाशी असलेला संयोग बदलतो आणि तांबडे फेरिक ऑक्साइड तयार होते. सुट्या अणूला मडक्यासारखा तांबडा अथवा काळा रंग नसतो.

निरवयव कणावरील आक्षेप : अणूला भाग आहेत का, हा प्रश्न या परंपरेत अत्यंत तीव्रतेने विचारला गेला. चौथ्या-पाचव्या शतकातील बौद्ध आचार्य वसुबंधू यांनी असा पेच टाकला की, एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू एकदम चिकटले, तर त्याला सहा बाजू आल्या, म्हणजे सहा भाग आले. आणि सर्व एकाच जागी आले, तर सात परमाणूंचा पिंड एकाच परमाणूएवढा राहील. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप संयोगाच्या अंगाने घेतला : दोन परमाणू सर्वांशाने जुळले तर आकार वाढणार नाही, एका अंशाने जुळले तर परमाणूला अंश मानावे लागतील. जळगाव जिल्ह्यातच अंमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या तत्त्वज्ञान मंदिराने शांकर वेदान्ताच्या अध्ययनाला विशेष आश्रय दिला. पाटणच्या लेखात ज्या दर्शनाचे नाव गौरवाने कोरले आहे, त्याच्या खंडनाची परंपराही अशा रीतीने याच जिल्ह्यात नांदली, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

जैन विचारवंतांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मते सर्व परमाणू मूलतः एकाच जातीचे असून त्यांच्यात स्निग्धता व रूक्षता हे गुण कमीअधिक अंशांत असतात आणि त्यांच्या तारतम्यावर परमाणूंचे बंधन अवलंबून असते. या मताची तुलना धन व ऋण विद्युत् भाराशी किंवा संयुजेशी करण्याचा मोह अनेकांना होतो. ती तुलना फार ताणू नये. कोणता पदार्थ कोणाशी किती प्रमाणात संयोग पावतो, हे त्या नियमांवरून काढता येत नव्हते आणि कोणी तसे काढूनही पाहिले नाही.

तराजू आणि अणू : वरील वाद बुद्धीच्या अभावी नव्हे, तर निर्णायक साधनाच्या अभावी थांबून राहिला. ते साधन म्हणजे तराजू. इंग्लंडमधील शाळाशिक्षक जॉन डाल्टन (१७६६–१८४४) यांनी १८०३ पासून अणूला वजन दिले. १२ ग्रॅम कार्बन एका संयुगात १६ ग्रॅम आणि दुसऱ्यात ३२ ग्रॅम ऑक्सिजनाशी संयोग पावतो. मधले प्रमाण मिळत नाही. अणू सबंधच जोडले जातात, अर्धे जोडले जात नाहीत, असे मानले की ही पूर्णांकांची शिस्त आपोआप उलगडते. डाल्टन यांचा अणूही कणादांच्या परमाणूप्रमाणे अविभाज्यच होता. पण प्रत्येक मूलद्रव्याचा अणू विशिष्ट वजनाचा ठरल्यामुळे त्याच्याविषयी चूक की बरोबर हे प्रयोगाने ठरवता येऊ लागले. दोन्ही सिद्धांतांतील खरा भेद हा आहे.

१८९७ मध्ये जे. जे. टॉमसन (१८५६–१९४०) यांनी विरळ वायूतून जाणाऱ्या ऋण किरणांचा विद्युत् भार व वस्तुमान यांचे गुणोत्तर मोजले. नळीत वायू कोणताही असो, विद्युत् अग्र कोणत्याही धातूचे असो, गुणोत्तर तेच येई. सर्व द्रव्यांत आढळणारा हा कण, इलेक्ट्रॉन, हायड्रोजनाच्या अणूच्या सु. १/१८३६ वस्तुमानाचा आहे. वसुबंधू आणि शंकराचार्य यांनी विचारलेल्या प्रश्नाला येथे प्रयोगाने उत्तर मिळाले : अणूला भाग आहेत.

सोन्याचा वरख : त्या भागांची मांडणी कशी आहे हे सोन्याने उघड केले. जळगावच्या सराफ बाजारात ज्या गुणासाठी सोन्याची ख्याती आहे तोच येथे उपयोगी पडला. सोने ठोकून त्याचा जितका पातळ वरख करता येतो, तितका दुसऱ्या कोणत्याही धातूचा करता येत नाही. मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफर्ड (१८७१–१९३७) यांच्या मार्गदर्शनाखाली गायगर व मार्सडेन यांनी १९०९ मध्ये अशा वरखावर आल्फा कणांचा झोत सोडला. वरखाची जाडी सु. ०·००००४ सेंमी. होती. एवढ्या जाडीतही सोन्याच्या अणूंचे हजारावर थर असतात. बहुतेक कण थेट पार गेले, परंतु सु. २०,००० कणांपैकी एक मोठ्या कोनातून वळला आणि काही तर उलट मागे फिरले. काळोख्या खोलीत पडद्यावरील ठिणग्या एकेक करून मोजून हा निष्कर्ष हाती आला. अणूचा धन भार व जवळजवळ सर्व वस्तुमान एका अतिसूक्ष्म केंद्रात एकवटले आहे आणि उरलेला अणू जवळजवळ रिकामा आहे, असा त्याचा अर्थ रदरफर्ड यांनी १९११ मध्ये लावला. अणुकेंद्राचा व्यास अणूच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतो.

सोन्याविषयी न्याय-वैशेषिकांचे मत येथे आठवते. कितीही तापविले तरी वितळलेल्या सोन्याचे द्रवत्व नाहीसे होत नाही, म्हणून ते पार्थिव नसून तैजस होय, असे ते म्हणत. निरीक्षण सराफाच्या मुशीतले आहे व चांगले आहे. वर्गीकरण मात्र टिकले नाही. आज सोन्याची ओळख ७९ या संख्येने होते. हेन्री मोझली (१८८७–१९१५) यांनी १९१३-१४ मध्ये क्ष-किरणांच्या वर्णपटांवरून दाखवून दिले की, मूलद्रव्याचा क्रमांक म्हणजे त्याच्या अणुकेंद्रातील धन भारांची संख्या होय. सोन्याच्या प्रत्येक अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात. निसर्गात आढळणाऱ्या सोन्यात त्यांच्या जोडीला ११८ न्यूट्रॉन असतात. न्यूट्रॉनाचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला. ७९ इलेक्ट्रॉन २, ८, १८, ३२, १८ व १ असे सहा कवचांत विभागलेले असतात. अगदी बाहेर असलेल्या थोड्या इलेक्ट्रॉनांवर मूलद्रव्याचे रासायनिक वर्तन मुख्यतः अवलंबून असते.

इलेक्ट्रॉनांना ठराविकच ऊर्जापातळ्या असतात, ही कल्पना नील्स बोर (१८८५–१९६२) यांनी १९१३ मध्ये मांडली. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे इलेक्ट्रॉन फिरताना दाखविणारे जे चित्र शाळेच्या भिंतीवर दिसते, ते या प्रतिकृतीवरून आलेले आहे. आरंभी ते सोयीचे आहे, पण श्रोडिंजर यांनी १९२६ मध्ये तरंग समीकरण मांडल्यापासून निश्चित कक्षेची कल्पना सोडून द्यावी लागली आहे. इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते. विद्यार्थ्याने बोर यांचे चित्र आकृती म्हणून वापरावे, छायाचित्र म्हणून नव्हे.

नित्यत्वाचा प्रश्न : परमाणू नित्य आहे हे वैशेषिक मतही पुढे मर्यादित ठरले. बेक्रेल यांनी १८९६ मध्ये युरेनियमाचा किरणोत्सर्ग शोधून काढला आणि रदरफर्ड व सॉडी यांनी १९०२ मध्ये किरणोत्सर्गात एका मूलद्रव्याचे दुसऱ्यात रूपांतर होते असे दाखविले. याची साक्ष खानदेशातील दगडातही आहे. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत उभ्या भेगांत शिरलेला शिलारस थिजून बनलेल्या काळ्या खडकाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. दख्खनच्या ज्वालामुखी कालखंडातील, म्हणजे सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराच्या या राशी होत. हे वय काढण्याची एक प्रमुख रीत पोटॅशियमावर आधारलेली आहे. पोटॅशियमाच्या दर दहा हजार अणूंत सु. एक अणू ४० वस्तुमानांकाच्या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा असतो. त्याचे अर्धायुष्य सु. १२५ कोटी वर्षे असून त्याच्या विघटन पावणाऱ्या अणूंपैकी सु. ११ टक्क्यांचे आर्‌गॉन वायूत व बाकीच्यांचे कॅल्शियमात रूपांतर होते. शिलारस पातळ असताना आर्‌गॉन निघून जातो, खडक थिजल्यावर तो आत अडकून साठत जातो. त्याच्या प्रमाणावरून खडकाचे वय निघते. त्याच खडकातील बाकीचे बहुतेक अणू मात्र थिजल्या दिवसापासून जसेच्या तसे आहेत. सर्वसाधारण रासायनिक व्यवहारापुरता अणू नित्य मानण्यास आजही हरकत नाही.

परिभाषा : मराठी विज्ञानभाषेने मूलद्रव्याच्या कणाला अणू आणि अणूंच्या संयोगाने बनलेल्या कणाला रेणू ही नावे दिली. हिंदीत त्याच दोन वस्तूंना अनुक्रमे परमाणु आणि अणु म्हणतात. म्हणून मुंबईतील जो विभाग मराठीत अणुऊर्जेचा, तो हिंदीत परमाणु ऊर्जेचा होतो. रावेर वा मुक्ताईनगर तालुक्यातील विद्यार्थी राज्याची सीमा ओलांडून बऱ्हाणपूरच्या महाविद्यालयात गेला, की त्याच्या अणूचा तेथे रेणू होतो. पाण्याच्या एका ‘अणु’त तीन ‘परमाणु’ असतात हे वाक्य त्याला प्रथम चुकीचेच वाटते. दोन्ही भाषांनी शब्द जुन्या दर्शनातून घेतले, पण पायऱ्या वेगळ्या निवडल्या. हिंदीने परमाणू हे सर्वांत खालचे टोक जसेच्या तसे ठेवले. मराठीने ‘परम’ हे विशेषण गाळले आणि वरच्या पायरीसाठी त्रसरेणूतील रेणू उचलला. म्हणजे कवडशात डोळ्यांना दिसणाऱ्या धूलिकणाचे नाव, कोणत्याही साध्या सूक्ष्मदर्शकातून न दिसणाऱ्या, दोन हायड्रोजन व एक ऑक्सिजन अणू यांच्या समूहाला मिळाले. आठवीच्या मराठी पाठ्यपुस्तकातील संबंधित प्रकरणाचे नाव ‘अणूचे अंतरंग’ असे आहे. वैशेषिक परिभाषेत परमाणूच्या बाबतीत हा शब्दप्रयोग वदतोव्याघात ठरला असता.